एकवीस जानेवारीची पंगत

“उठायचं न्हाई.”

मी हातातली पळी त्या पोराच्या छातीपुढं आडवी धरली. पळीत मसुराचा रस्सा काठोकाठ होता, पण एक थेंब सांडला नाही. माझ्या हातून काही सांडत नाही. तो अर्धा उठलेला, एक गुडघा टेकलेला, एक हात भिंतीला आणि नजर दाराबाहेर, समोरच्या एस.टी. स्टँडवर.

“आक्का, माझी मुंबईची गाडी आहे,” तो म्हणाला. “माझं जेवण झालं.”

“तुझं झालं. ह्यांचं न्हाई झालं.” मी शेजारी बसलेल्या दोघांकडं पळी फिरवली. “बरोबर बसलासा, बरोबर उठायचं.”

“पण गाडी…”

“गाडी महामंडळाची हाय, पंगत माझी हाय. बस खाली.”

बसला. माझ्यापुढं भलेभले बसलेत, हे तर केस वाढवलेलं पोर.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालातली, एकवीस जानेवारीची. तारखा मी ध्यानात ठेवत नाही. दुसरीतूनच शाळा सोडली मी, मास्तरांना माझं तोंड झेपेना म्हणून. पण ही तारीख लोकांनी मला विसरू दिली नाही. आता त्या दिवशी पुण्या-मुंबईची पोरंपोरी काळे शर्ट घालून विट्याला येतात, माझ्या खानावळीच्या दारात उभी राहून फोटो काढतात आणि ‘भुईचक्र’चा मोठा दिवस म्हणून एकमेकांना मिठ्या मारतात. भुईचक्र म्हणजे बँड. लग्नातला नव्हे, केस झाडत, जमीन हादरवत गाणारा. आज त्यांचं नाव कुठल्या कुठं गेलंय. त्या दुपारी मात्र भुईचक्र म्हणजे माझ्या बस्करांवर बसलेली तीन रुसलेली पोरं होती, आणि तो दिवस मोठा बिठा काही नव्हता. बँड फुटायचा दिवस होता.

आधी माझ्या पंगतीचं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळंल.

माझ्या खानावळीत तेव्हाही टेबल-खुर्ची नव्हती, आजही नाही. जमिनीवर बस्कर, पुढ्यात ताट. अख्खा मसूर, ज्वारीची भाकरी, खर्डा, दही, मग भात आणि शेवटाला ताक. ताक आलं की जेवण संपलं. आणि नियम एकच: जे एका पंगतीला बसले ते एकदमच उठणार. माझ्या सासूनं घालून दिलेला नियम. मधेच एक उठला की दुसऱ्याचा घास अडतो, त्याला वाटतं आपण खादाड ठरलो, आणि बिचारा अर्धपोटी उठतो. अर्धपोटी माणूस माझ्या दारातून गेला तर मग मी चूल पेटवायचीच कशाला? एकदा एक फौजदार आमच्या बोळक्या वकिलाशेजारी बसला. वकिलाचं भाकरी कुस्करणं संपेना आणि फौजदाराला उठता येईना. बाहेर त्याची जीप भोंगा वाजवून दमली. उठला न्हाई बाबा. दारावर पाटीसुद्धा लावलीय: ‘पंगत उठल्याशिवाय उठू नये’. माझ्या लेकानं रंगवलीय, अक्षर वाकडं आहे, पण कळतं.

तर ही तीन पोरं.

गाणारा तो धैर्यशील. तासगावकडचा, द्राक्षबागायतदाराचा पोरगा, दिसायला राजबिंडा आणि ते त्याला ठाऊक असलेला. मधला इम्तियाज, मिरजेचा. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडवतात, ह्यानं स्वतःच्या हातानं गिटार घडवली होती आणि ती भिंतीला टेकवून तिच्यावर रुमाल पांघरला होता, जणू पाळण्यातलं लेकरू. आणि कडेला सिद्राम, जतकडचा. चुलता यात्रेत धनगरी ढोल वाजवायचा, हा ते सात-आठ ढोल भोवतीनं मांडून मधे बसून वाजवायचा. अंगानं म्हणाल तर पाप्याचं पितर. वारं आलं की ह्याला धरून ठेवावं लागत असंल असं मला वाटलं.

संध्याकाळी कॉलेजच्या मैदानावर गॅदरिंगमध्ये त्यांचा कार्यक्रम होता. म्हणजे असायला हवा होता. पहिला घास तोंडात जायच्या आधीच मला कळलं की तो होणार नाही, कारण ती पोरं माझ्यासमोरच भांडत होती. वाढणारी बाई म्हणजे भिंत असं लोकांना वाटतं.

“कालच फोन आलेला तुला,” इम्तियाज म्हणाला, “आणि सांगतोस आज. टेम्पो विट्यात शिरल्यावर.”

“सांगितलं असतं तर तुम्ही येऊ दिलं असतं का?”

“मुंबईच्या कंपनीवाल्यानं कॅसेट कुणाची ऐकली? तिघांची. बोलावलं कुणाला? तुला.”

“ते माझ्या हातात आहे का इम्त्या? त्याला गाणारा पाहिजे. वाजवणारे त्याच्याकडं आहेत.”

“हां. वाजवणारे काय, पोत्यानं मिळतात.”

“उद्या सकाळी तिथं पोचायचंय मला. संधी एकदाच येते.”

“जा की मग. कोण अडवतंय? मीच म्हणतो जा. फक्त परत येऊ नकोस. आज तू त्या गाडीत बसलास ना, तर भुईचक्र संपलं, आणि तू मला ओळखत नाहीस, मी तुला ओळखत नाही.”

सिद्रामनं भाकरी मोडली आणि म्हणाला, “आक्का, मसूर वाढा.”

मी मनात म्हटलं, ह्याला बरं पोटाचं पडलंय. मित्रांचं घर जळतंय आणि हा त्यावर कणीस भाजतोय.

पण खरं सांगते, खाणारा माणूस मला आवडतो. धैर्यशीलनं चार घास गिळले आणि हात आखडता घेतला. इम्तियाज तर ताटात रेघोट्या ओढत बसला. हे काटकुळं पोर मात्र भाकरीमागून भाकरी हाणत होतं, आणि प्रत्येक वेळी मान वर करून, “आक्का, अजून एक.” आतून माझी सून मंदा भाकरी थापता थापता ओरडली, “आत्याबाई, किती जणं हायती?”

“तिघंच गं.”

“तिघं? मला वाटलं वऱ्हाड उतरलं.”

तेव्हाच धैर्यशील पहिल्यांदा उठायला लागला आणि मी पळी आडवी धरली, ते वर सांगितलंच.

खाली बसल्यावर तो सिद्रामवर घसरला. “सिद्या, आटप की. किती खातोस?”

“सकाळधरनं उपाशी हाय मी,” सिद्राम ताटातनं वर न बघता म्हणाला.

“उपाशी? कराड नाक्यावर माझ्यादेखत दोन प्लेट मिसळ खाल्लीस तू!”

“ती कधीच जिरली.” आणि माझ्याकडं बघून, “आक्का, अजून एक भाकरी. आणि खर्डा बी.”

समोर स्टँडवर गाडी लागली. लाल धूड गरगर आवाज करत उभं राहिलं आणि विटा-मुंबईची पाटी काचेत आली. धैर्यशीलची मांडी हलायला लागली, शर्यतीच्या आधी बैलाची हलते तशी. मी भाकरी घेऊन सिद्रामपुढं वाकले, आणि वाढता वाढता मला त्याचं तोंड जवळून दिसलं.

घामानं डबडबलं होतं. जानेवारीत. ओठ पांढरे पडलेले. ताटाखाली गेलेला डावा हात बघितला तर पँटीचा पट्टा सैल सोडलेला, वरचं बटणही काढलेलं. तोंडात एक घास कधीचा फिरत होता. गिळायला जागाच नव्हती. त्यानं डोळे मिटले, पाण्याचा घोट घेतला, घास ढकलला. डोळ्यांतनं पाणी आलं. मग डोळे उघडले आणि पहिल्यांदा कुठं बघितलं असंल? माझ्या भाकरीकडं नाही. दाराबाहेर, गाडीकडं. मग धैर्यशीलकडं. मग माझ्याकडं.

“आक्का,” आवाज अगदी खोल गेलेला, “अजून… एक मिळंल न्हवं?”

तीस वर्षं मी माणसांना वाढत होते. भुकेचा डोळा कसा असतो मला कळतो. हा भुकेचा डोळा नव्हता.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. समोरच चांगलं टेबल-खुर्चीचं हॉटेल होतं, थंडगार पाण्याचं. तिघं आधी तिकडंच वळले होते, मी दारातनं बघितलेलं. ह्या सिद्रामनंच त्यांना माझ्या दारातल्या पाटीपुढं थांबवून, ओढत इकडं आणलं होतं. धैर्यशील बोलून थांबणारा नव्हता, हे सिद्रामला माहीत होतं. हात धरून थांबवायचं तर ह्याच्या अंगात जोर नव्हता. मग काय उरलं? पंगत उरली. ह्याचं खाणं चालू आहे तोवर पंगत चालू, आणि पंगत चालू आहे तोवर गाणारा जागचा हलत नाही.

मला त्यांच्या गाण्याचं सोयरसुतक नव्हतं. फुटला असता बँड, मला काय? पण हे काटकुळं पोर ज्या रीतीनं झुंजत होतं, तसं झुंजताना मी कुस्तीच्या फडातसुद्धा कुणाला बघितलं नव्हतं.

मी आत गेले. “मंदे, जाळ कमी कर.”

“काऽय? बाहेर गिऱ्हाईक भाकरी मागतंय आणि जाळ कमी?”

“लाकडं मागं ओढ म्हटलं ना. आणि भाकरी पातळ थाप. पानासारखी. आणि सावकाश.”

“आत्याबाई, बरं हाय न्हवं तुम्हांला? सतरा वर्षं मला म्हणताय, हात उचल, हात उचल…”

“आज खाली ठेव.”

बाहेर येऊन मी असं वाढायला लागले की माझ्या सासूनं बघितलं असतं तर तिनं वरनं उतरून मला लाटण्यानं बडवलं असतं. सिद्रामच्या ताटात चतकोर भाकरी. मग आत. मग चिमूटभर मीठ. मग आत. मग लिंबाची फोड आणायला आत, आणि येताना लिंबू विसरले म्हणून पुन्हा आत. मी, चंद्राक्का निकम, जिनं आजवर एका फेरीत वीस पानं वाढली, लिंबू विसरले!

धैर्यशील घड्याळ बघत होता. “आक्का, जरा लवकर वाढा की त्याला.”

“वय झालं बाबा. गुडघं धरल्यात.”

सिद्रामनं माझ्याकडं बघितलं. त्या पांढऱ्या ओठांवर किंचित काहीतरी हललं. त्याला कळलं की मला कळलंय. दोघं एका नांगराला जुंपल्यासारखे झालो.

स्टँडवरनं यशवंता कंडक्टर आला. रोजचं गिऱ्हाईक. दारात उभा राहून टिकटिक करणाऱ्या पंचनं दार वाजवलं. “मुंबईला जाणारं कोण आत हाय का? ड्रायव्हर गाडीत बसलाय. चला!”

“आलो, आलो!” धैर्यशील उठायला लागला.

मी वळले. “यशवंता, पंगत चालू हाय.”

यशवंतानं आत मान घातली. तीन ताटं बघितली, सिद्रामचा हात ताटात बघितला. टोपी मागं सरकवली आणि धैर्यशीलला म्हणाला, “पंगतीत हायसा व्हय? मग ऱ्हावा, पाव्हणं. पुढची गाडी असतीया.”

“अहो, पण तुम्ही थांबा ना दोन मिनिटं!”

“गाडी कशी थांबणार? टाइमावर सुटती ती.” आणि गेला निघून.

धैर्यशीलचं तोंड पडलं. तो माझ्याकडं बघायचा, गाडीकडं बघायचा, सिद्रामकडं बघायचा. इम्तियाज इतका वेळ रेघोट्या ओढत होता, त्यानं हात थांबवला आणि सिद्रामकडं बारीक नजरेनं बघायला लागला. मला वाटलं झालं, जमलं. गाडीनं भोंगा दिला.

आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातनं मंदा बाहेर आली. हातात ताकाचा तांब्या.

तिचं चुकलं नव्हतं. आत बसून ती हिशेब करत होती की एवढं खाल्ल्यावर माणूस आता भात सोडून ताकावरच येणार. त्यात मी सारखी आत-बाहेर करतेय, म्हणजे म्हातारी दमली, आपण आवरून घ्यावं. शहाणी सून. त्या दिवशी मला मूर्ख सून हवी होती.

“घ्या भावजी, ताक घ्या,” म्हणत ती थेट सिद्रामच्या वाटीवर वाकली.

ताक! ताक पडलं की पंगत उठली. धैर्यशीलला हे कळायला कुणी सांगावं लागत नव्हतं, त्याच्याही घरात पंगती उठत होत्या. तो हात झटकून तयारच झाला. सिद्रामनं वाटीवर हात ठेवायचा प्रयत्न केला, पण हात उचलायचंही त्याच्यात त्राण नव्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. बुडणारा माणूस काठाकडं बघतो तसं.

आणि माझ्या तोंडातनं ते निघालं.

“मंदे, थांब! ते ताक नासलंय.”

पलीकडच्या कोपऱ्यात दोन मास्तर जेवत होते, त्यांचे घास हवेत राहिले. मंदाचा चेहरा असा झाला जणू मी तिला भर बाजारात थोबाडीत मारली. तीस वर्षांत माझ्या घरातला पदार्थ नासका निघाला असं बोलायची ह्या गावात कुणाची छाती झाली नव्हती. एकदा एका टपाल्यानं नुसतं “आक्का, आज दही आंबट वाटतंय का?” असं विचारलेलं, तर तो वर्षभर माझ्या दारासमोरनं मान खाली घालून जायचा. आणि आज मीच, स्वतःच्या तोंडानं, भरल्या पंगतीत.

“आत्याबाई, आत्ता सकाळी घुसळलंय…”

“नासलंय म्हणते ना! वास येतोय. घेऊन जा आत. दुसरं घुसळ.”

“दुसरं? विरजणच…”

“मग विरजण लाव!”

ती पाय आपटत आत गेली. दोन मास्तरांतला एक हळूच स्वतःच्या वाटीत डोकावला. मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं ती वाटी एका दमात पिऊन टाकली.

बाहेर गाडीनं गियर टाकला. आम्ही सगळे ऐकत होतो. ती स्टँडाच्या तोंडाशी आली, जरा थबकली, मग वळली आणि आवाज लांब लांब जात विरून गेला.

धैर्यशील भिंतीला टेकून बसला. मग थंड आवाजात म्हणाला, “झालं? झालं का समाधान? आता तरी उठू द्या.”

“उठ,” सिद्राम म्हणाला. आणि स्वतः उठायला गेला.

उठला नाही. कमरेतनं वाकला, बस्करावर आडवा झाला आणि पोट धरून कुशीवर वळला. भिंतीकडं तोंड करून कण्हायला लागला, बाळंतिणीसारखा.

“सिद्या!” इम्तियाजनं ताट ओलांडून उडी मारली. “काय झालं रे? आक्का, ओवा! ओवा आणा!”

धैर्यशील तसाच बसलेला. “इतकं खायचं कशाला मग? अधाशी कुठला. गाडी गेली माझी ह्याच्यापायी.”

सिद्रामनं भिंतीकडंच तोंड ठेवून सांगितलं, “गाडी जावी म्हणूनच खाल्लं.”

“काय?”

“मला भाकरी लै आवडत न्हाई, धैर्या. तुला ठाऊक हाय. मी भाताचा माणूस.”

मी ओवा आणि कोमट पाणी घेऊन आले तेव्हा इम्तियाज तोंडावर रुमाल धरून बसला होता, हसत होता का रडत होता कळत नव्हतं. गिटारीवरचा रुमाल होता तो. धैर्यशील मात्र हलला नाही. सिद्रामच्या पाठीकडं, त्या काटकुळ्या बरगड्यांकडं बघत राहिला. मग उठला, माझ्या हातातला तांब्या घेतला, सिद्रामचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याला घोट घोट पाणी पाजायला लागला.

मग मीच बोलले. माझ्या पोटात काही राहत नाही. “ऐक रं पोरा. मी कुणाला दावणीला बांधून घालत न्हाई. पंगत उठली. तुला ठाऊक नसंल, रात्रीची बी एक गाडी हाय मुंबईची. तुमचं गाणं झालं की मिळंल, सकाळी पोचशील. जायचं तर जा. पण गाणं करून जा. आणि ह्याला बघून जा.”

“बरं,” तो म्हणाला. एवढंच.

मैदानावर मी आयुष्यात गेले नव्हते. त्या दिवशी ओव्याच्या पाण्याची बाटली पदराखाली घेऊन गेले. मंदा बोललीसुद्धा, “आमचं ताक नासवून गाणी ऐकायला निघाल्या.” मी म्हटलं, “तुझ्या ताकाचं देणं परमेश्वराकडं मांडून ठेव.”

ऊन कललं होतं. कॉलेजच्या सरांची ताकीद होती की अंधार पडायच्या आत मैदान रिकामं झालं पाहिजे, म्हणून कार्यक्रम लवकर सुरू झाला. पोरं शिट्ट्या मारत होती. सिद्रामला दोघांनी धरून ढोलांच्या मधे नेऊन बसवलं. खाली वाकता येईना, म्हणून ताठ बसला, सोंगट्या मांडतात तसा. मी स्टेजच्या कडेला बाटली घेऊन उभी.

पहिल्या दोन गाण्यांत नुसता गोंधळ. धैर्यशील पुढं धावायचा, सिद्राम मागं राहायचा. पोरांनी हुर्यो उडवली. मग त्यांचं ते माळाचं गाणं आलं. आता जे सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी आहे ते. तेव्हा हे तिघं ते गाणं भलत्या वेगानं म्हणायचे म्हणे, शिकारी कुत्री मागं लागल्यासारखं. सिद्रामनं काठी उचलली आणि ढोलावर टाकली. मग श्वास घेतला. मग दुसरी टाकली. भरल्या पोटानं त्याला त्यापेक्षा लवकर हात उचलताच येत नव्हता. चढणीला लागलेली भरलेली बैलगाडी जशी येते, दम खात, चाक करकरत, तसा तो ठेका आला.

धैर्यशीलनं दोन ओळी पुढं जाऊन म्हटल्या. मग थांबला. मागं वळून बघितलं. सिद्राम घामेजलेला, डोळे त्याच्यावर लावलेले. धैर्यशील चालत मागं गेला, ढोलाला लागून उभा राहिला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, सिद्रामच्या चालीनं. त्याचा हात पडेपर्यंत थांबायचं, मग शब्द टाकायचा. इम्तियाजनं तार छेडली की ती पार विरेपर्यंत सोडून द्यायचा. शिट्ट्या बंद झाल्या. मला गाण्यातलं कळत नाही, पण माझ्या अंगावर काटा आला हे कबूल करते.

पुढं त्यांनी ते गाणं कायम तसंच म्हटलं. पुण्याच्या एका विद्वानानं पेपरात लिहिलं की ती संथ लय म्हणजे दुष्काळी माणसाच्या थकल्या पावलांची चाल. माझ्या नातीनं मला वाचून दाखवलं. मी एवढी हसले की ठसका लागला. दुष्काळ कसला डोंबलाचा? माझ्या भाकऱ्यांची चाल आहे ती. तसं मी त्या फोटोवाल्या पोरांना दरवर्षी सांगते, पण त्यांना वाटतं म्हातारी चेष्टा करतेय.

तर लोकांच्या लेखी एकवीस जानेवारी ती एवढीच. गाणं जन्मलं तो दिवस. माझ्या लेखी दिवस अजून संपला नव्हता. रात्रीची गाडी शिल्लक होती.

दिवेलागणीला तिघं खानावळीत परत आली. सिद्रामला बाजेवर झोपवलं. इम्तियाज त्याच्या पायाशी बसला. धैर्यशीलची पिशवी कोपऱ्यात होती. तो आला, त्यानं पिशवी उचलली आणि दाराबाहेर पडला. इम्तियाजनं मान फिरवली. मी सिद्रामकडं बघितलं. डोळे मिटलेले होते, पण झोपला नव्हता.

मी दारात गेले. पोरगा स्टँडकडं गेला नाही. शेजारी दगडूनानाचं एस.टी.डी. बूथ होतं, त्यात शिरला. पिशवीतनं चिठ्ठी काढली, नंबर फिरवला. बूथची काच फुटलेली होती, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. नसतं आलं तरी मी ऐकलं असतं.

“हॅलो, साहेब? धैर्यशील बोलतोय. हो, विट्यातनं… नाही, येत नाहीये… उद्या नाही, परवाही नाही. यायचं तर तिघं येऊ. नको असेल तर राहू द्या.” मग बराच वेळ पलीकडचं ऐकत उभा राहिला. कपाळाला हात लावला. “कारण? कारण काय सांगू साहेब… आमची पंगत अजून उठलेली नाही.”

त्यानं फोन ठेवला आणि माझ्या अंगावरनं, माझ्याकडं न बघता, आत गेला. बाजेकडं.

दगडूनाना बूथमधनं बाहेर आला. खानावळीत डोकावला. बस्करं गुंडाळलेली, ताटं घासून पालथी घातलेली.

“कसली पंगत हो आक्का?” तो म्हणाला. “आत तर कुणीच जेवत न्हाई.”

मी म्हटलं, “तू तुझं मीटर बघ.”